पार्सनिप आणि त्याचें नांव

श्रोतेहो, इंग्रजी कादंबऱ्यांतील जेवणाच्या वर्णनांत ‘पार्सनिप’ हें नांव वाचून आपण पुढें गेलां असाल. खाण्याचा प्रसंग मात्र थोड्यांनाच आला असेल. गाजराच्या आकाराचें, पण हस्तिदंती रंगाचें हें मूळ. थंड मुलखांतील माळी तें हिंवाळ्यांतही जमिनींतच राहूं देतात. कारण कडाक्याची थंडी पडली कीं त्यांतील पिष्टाची साखर होऊं लागते. साखर महाग होती त्या काळीं युरोपांत गोड पदार्थांतही तें घालीत. पुढें बटाटा रुळला, साखर स्वस्त झाली, आणि याचा मान गेला. १९४० च्या नोव्हेंबरांत ब्रिटननें युद्धापायीं केळ्यांची आयात बंद केली, तेव्हां तेथील कित्येक आयांनीं पार्सनिप उकडून, कुसकरून, त्यांत केळ्याच्या वासाचा अर्क घालून मुलांची समजूत काढली!

आतां नांवाकडे वळूं. मूळ लॅटिन शब्द ‘पास्टिनाका’. जमीन उकरण्याच्या दुटोकी अवजारास ‘पास्टिनम’ म्हणत. त्याच्याशीं या शब्दाचा संबंध जोडतात. फ्रेंचमधून तो इंग्रजींत आला, आणि तेथें ‘नेप’ म्हणजे सलगम याच्या शेजारानें त्याचें शेपूट बदललें. ही सोयरीक लोकांच्या जिभेनें जुळविली. वनस्पतिशास्त्रास ती मान्य नाहीं. सलगम मोहरीच्या कुळांतलें, पार्सनिप गाजर-कोथिंबिरीच्या. रोमन लोक तर गाजरासही पास्टिनाकाच म्हणत, त्यामुळें जुन्या ग्रंथांत हा शब्द भेटला कीं पानांत नेमकें काय वाढलें होतें, याचा उलगडा होत नाहीं. कॅटलान भाषेंत ‘पास्टनागा’ म्हणजे आजही गाजरच! १७५३ सालीं लिनीअसनें ‘पास्टिनाका सटाइव्हा’ असें नांव मुक्रर केलें, तेव्हां शास्त्रापुरता तरी तंटा मिटला.

हा नुसता शब्दांचा खेळ असता, तर मीं आपला वेळ घेतला नसता. सॉक्रेटिसास दिलेलें हेमलॉक याच कुळांतलें. पाणथळ जागीं वाढणाऱ्या त्याच्या विषारी भाऊबंदांचीं मुळें रानचें पार्सनिप समजून खाल्ल्यानें माणसें दगावलेलीं आहेत. अमेरिकेंत त्यांपैकीं एकास ‘विषारी पार्सनिप’ असेंच म्हणतात. खऱ्या पार्सनिपच्या पाल्याचा रसही अंगास लागून वर ऊन पडलें तर कातडीवर फोड उठतात. तेव्हां परदेशीं कुणीं आपणांस भाजीच्या बागेंत नेलें, तर बाह्या खालीं सोडून जावें. ताटांत आलेलें मूळ मात्र खुशाल खावें. लोण्यांत परतलेलें असलें तर फारच उत्तम.