केसपेपरवर त्यांचेच शब्द

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तुमच्या मेडिसिनच्या पोस्टिंगबद्दल मी काय सांगणार! पण रुग्णाच्या उशाशी बऱ्याच रात्री बसलोय, आणि शब्दांशी माझा रोजचा संबंध आहे.

बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथं येणारा आमचा बारामती-इंदापूरचा माणूस 'चेस्ट पेन' म्हणत नाही. 'उरात कळ येती', 'जीव घाबरा होतो', 'अंगात कसर हाय' म्हणतो. तुम्ही ऐकता आणि हात लगेच इंग्रजी लिहू लागतो. माझी विनंती एवढीच, आधी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. इंग्रजी नंतर.

माझ्या आईला मधुमेह होता. घरी आम्ही दखनी बोलतो. एका रात्री ती म्हणाली, "दिल बैठरा." दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतं का? ती नाही म्हणाली. खरंच दुखत नव्हतं. "आजी, टेन्शन घेऊ नका," म्हणून ते गेले. पहाटे एक शिकाऊ मुलगी आली. स्टूल ओढून बसली नि म्हणाली, "दिल बैठरा म्हणजे नेमकं काय होतंय, आजी?" मग आईनं सांगितलं, पडल्यापडल्या दम लागतो, घामानं पोलकं भिजतं. मुलीनं वरिष्ठांना उठवलं. ईसीजीत हृदयविकाराचा झटका निघाला. मधुमेही माणसाला, त्यातही बायकांना, छातीत न दुखताही तो येऊ शकतो. आई पुढे दोन वर्षं जगली. त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं, याची आजही रुखरुख आहे.

असं खाटेजवळ बसणं किती दूर नेतं पाहा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. विंचूदंशानं माणसं दगावत होती. ते रुग्णापाशी बसून घाम, गार पडलेले हातपाय, वाढणारी धाप टिपत राहिले. ती निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानं त्यांनी कितीतरी जीव वाचवले.

आणि आपल्या भागाचा हंगाम ओळखा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. क्षयाचं औषध साधारण सहा महिने, हंगाम चार-पाच महिन्यांचा. तेव्हा खोकणाऱ्या माणसाला छातीच्या फोटोबरोबर हेही विचारा, टोळी कधी हलणार? गाव कुठलं? नाहीतर उरलेल्या गोळ्या उसाच्या पाचटातच राहायच्या.

रमजानमध्ये रोजा धरलाय का, हेही विचारा. दाढी किंवा बुरखा पाहून अंदाज बांधू नका आणि उत्तर ऐकून रागावूही नका. औषधांच्या वेळा आधीच ठरवून देता येतात. डॉक्टर ओरडतील म्हणून ईदपर्यंत गुपचूप गोळ्या बंद ठेवणारे माझ्या ओळखीत आहेत.

राउंड संपल्यावर मोबाइल खिशात ठेवा आणि एकाच खाटेजवळ दहा मिनिटं बसा. नाडीवर बोटं ठेवली की म्हातारी माणसं आपणहून बोलू लागतात. कुठली गोळी परवडत नाही म्हणून अर्धीच घेतात, हे राउंडला सर्वांसमोर कुणी सांगत नाही, तेव्हा सांगतात.