जाब हुकूम देणाऱ्याला विचारा, भाकरीला नव्हे

(रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातील जे अधिकारी आपल्याच जनतेची लोकशाही आणि मानवी हक्क चिरडतात, त्यांच्यावर निर्बंध घालावेत काय, हा आजचा विषय. पेन्शन आणि रिक्त जागांचे प्रश्न आ वासून उभे असताना ही दिल्लीच्या परराष्ट्र खात्याची उठाठेव आपण कशाला करायची, असे कुणी विचारील. म्हणून आम्ही सुरुवात रेल्वे क्वार्टरपासूनच करतो.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेल्या प्रतिनिधींना बाजूला सारून सत्ता बळकावली. तेथील रेल्वे कामगारांनी कामावर जाण्यास नकार दिला. १० मार्चला यांगून शहरातील रेल्वे कामगारांच्या वसाहतीला सशस्त्र दलांनी वेढा घातला, धरपकड केली आणि संपकऱ्यांच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. मे १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप ज्यांनी पाहिला किंवा वडिलांच्या तोंडून ऐकला, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. रात्रीची धरपकड आणि क्वार्टर खाली करण्याचा हुकूम आपल्या घरांनीही सोसला आहे.

त्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि युरोपीय संघ यांनी म्यानमारचे सेनापती मिन आंग लाइंग व त्यांच्या सहकाऱ्यांवर व्यक्तिशः निर्बंध घातले. व्यक्तिशः निर्बंध म्हणजे त्या अधिकाऱ्याला व्हिसा नाही आणि त्याची परदेशातील खाती गोठवलेली. मॉस्कोच्या तुरुंगात २००९ साली सर्गेई मॅग्नित्स्की नावाचा कर-सल्लागार मरण पावला. सरकारी तिजोरीवरचा दरोडा त्याने उघडकीस आणला होता. त्याच्या नावाने अमेरिकेने २०१२ मध्ये कायदा केला आणि २०१६ मध्ये तो साऱ्या जगासाठी लागू केला. पुढे कॅनडाने २०१७ मध्ये, ब्रिटनने व युरोपीय संघाने २०२० मध्ये तशीच व्यवस्था केली. आपल्या देशाची अधिकृत भूमिका मात्र अशी आहे की संयुक्त राष्ट्रसंघाने लावलेले निर्बंध तेवढे मानायचे, एकेका देशाने लावलेले मानायचे नाहीत.

परंतु निर्बंध हे हत्यार आपल्याला नवे आहे, असे समजू नका. दक्षिण आफ्रिकेने तेथील भारतीयांविरुद्ध जमिनीचा कायदा केला, तेव्हा १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि प्रश्न राष्ट्रसंघात नेला. वंशभेदी राजवटीवर असा बहिष्कार घालणारा भारत हा पहिला देश. त्यानंतर आले गोव्याचे प्रकरण, आणि ते तर मराठी माणसाच्या अगदी उंबरठ्यावरचे.

गोव्यावर पोर्तुगालच्या सालाझारची हुकूमशाही होती. सभा घ्यायला बंदी, बोलणाऱ्याला तुरुंग. १९५४ साली आपल्या गोदी कामगारांच्या संघटनेने गोव्याकडे जाणाऱ्या जहाजांवर बहिष्कार घातला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमेवरून आत शिरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यात सागर जिल्ह्याच्या सहोद्राबाई राय हाती तिरंगा घेऊन जखमी झाल्या. त्या वेळी सागर काय आणि आपले रायपूर काय, नागपूर राजधानी असलेल्या एकाच मध्य प्रदेशात होते, म्हणून त्या आपल्याच प्रांताच्या. त्याच वर्षी कॅसलरॉकहून मुरगावकडे जाणारी रेल्वे वाहतूक बंद झाली. नाकेबंदी पुरी झाली.

आता या नाकेबंदीचा हिशेब मांडू. त्रास कुणाला झाला? मुंबईत राबणाऱ्या गोवेकराला घरी पैसे पाठवणे मुश्कील झाले आणि आईच्या आजारपणात गावी पोचणे त्याहून मुश्कील. लिस्बनमध्ये बसलेल्या सालाझारच्या जेवणातला एक घासही कमी झाला नाही. उलट गोव्याचे लोहखनिज जहाजे भरभरून जपान आणि पश्चिम जर्मनीला जात राहिले. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, लष्करी कारवाईने. नाकेबंदीमागचा हेतू न्याय्य होता, पण घाव पडला तो भाकरीवर. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की निर्बंध जनतेवर नकोत. ज्याने हुकूम दिला त्याच्या नावावर, त्याच्या खात्यावर आणि त्याच्या परदेशवारीवर हवेत.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. परक्याने आपल्याकडे बोट दाखवले तर? आणीबाणीत, जून १९७६ मध्ये, रेल्वे संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस कलकत्त्यात पकडले गेले. त्यांच्या जिवाचे बरेवाईट होईल अशी भीती होती. तेव्हा जर्मनीचे विली ब्रांट, ऑस्ट्रियाचे ब्रुनो क्रायस्की आणि स्वीडनचे ओलोफ पाल्मे यांनी इंदिराजींकडे त्यांच्या सुरक्षिततेसाठी शब्द टाकला. त्या दिवशी आपल्यापैकी कुणी याला परकीय हस्तक्षेप म्हटले काय? आपल्याला तो आधार वाटला.

आता याच रायपूरचे पाहा. डॉ. बिनायक सेन हे दल्ली राजहराच्या खाणकामगारांमध्ये शंकर गुहा नियोगींबरोबर काम केलेले डॉक्टर. त्यांना १४ मे २००७ रोजी बिलासपूर येथे अटक झाली. तुरुंगातल्या एका माओवादी नेत्याच्या चिठ्ठ्या बाहेर पोचवल्या, हा त्यांच्यावरचा मुख्य आरोप. तो त्यांनी नाकारला. २४ डिसेंबर २०१० रोजी येथील सत्र न्यायालयाने राजद्रोहाखाली जन्मठेप ठोठावली आणि १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. मधल्या काळात, जानेवारी २०११ मध्ये, बिलासपूरच्या उच्च न्यायालयातील सुनावणी पाहण्यासाठी युरोपीय संघाचे प्रतिनिधी आले, तर त्यांच्याविरुद्ध निदर्शने झाली. आमचे घर आम्ही पाहून घेऊ, तुम्ही कोण, असा सूर होता.

त्या खटल्याबद्दल या सभागृहात दोन मते असतील, ती असू द्या. पण १९७६ साली परक्याचा शब्द गोड लागला आणि २०११ साली कडू लागला, तर तराजू आपलाच खोटा आहे. यांगूनच्या सेनापतीला जे माप लावायचे, तेच आपल्या घरी लावून घेण्याची तयारी हवी. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत पॉवर हाउस स्टेशनजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांत अनेक जण ठार झाले. ते रूळ आपले, ते कामगार आपले. हुकूम कुणाचा, हा प्रश्न जो भिलाईत विचारत नाही, त्याला तो यांगूनबद्दल विचारण्याचा अधिकार उरत नाही.

तिसरा मुद्दा असा की हे हत्यार कुणाच्या हाती द्यायचे? बडी राष्ट्रे शत्रूच्या अधिकाऱ्यावर ते उगारतात आणि मित्राच्या अधिकाऱ्याकडे काणाडोळा करतात. २०२५ साली तर अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या न्यायाधीशांवरच असे निर्बंध लादले. जुलूम करणाऱ्यासाठी घडवलेली बेडी न्याय देणाऱ्याच्या हातात पडली. शिवाय असे निर्बंध बहुधा आरोपपत्र आणि सुनावणीवाचून लागतात. रेल्वेच्या नियम १४(२) खाली किंवा टपालाच्या नियम १९ खाली चौकशीवाचून बडतर्फ झालेला माणूस ज्याने पाहिला आहे, तो या पद्धतीला आंधळेपणाने टाळ्या वाजवणार नाही. म्हणणे मांडण्याची संधी जुलमी माणसालाही मिळाली पाहिजे. ती त्याच्यावरची दया नव्हे, आपल्या न्यायाची ती कसोटी आहे.

मग मार्ग कोणता? एक मार्ग आपल्या ओळखीचा आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली, तेव्हा भारतीय कामगारांच्या वतीने ना. म. जोशी तेथे बसले होते. आजही त्या परिषदेत प्रत्येक देशाची चार मते असतात, सरकारची दोन, मालकांचे एक आणि कामगारांचे एक. तिच्या घटनेचे कलम ३३ ऐंशी वर्षे वापराविना पडून होते. म्यानमारमधील वेठबिगारीची चौकशी झाली, अहवाल आला, सुधारण्याची संधी दिली गेली, आणि तरीही फरक पडला नाही म्हणून २००० साली ते प्रथमच वापरले गेले. लष्करी उठावानंतर पुन्हा चौकशी आयोग नेमला गेला आणि जून २०२५ मध्ये म्यानमारविरुद्ध हे कलम दुसऱ्यांदा लागू झाले. ही वाट संथ आहे हे आम्हाला मान्य आहे. पण तिच्यात आधी चौकशी आहे, नंतर शिक्षा आहे, आणि निर्णयात कामगाराचे मत आहे.

म्हणून आपल्या शाखांनी तीन गोष्टींचा ठराव करावा, अशी आमची सूचना आहे. निर्बंध व्यक्तीवर असावेत, जनतेच्या अन्न-औषधावर नसावेत. ते उघड चौकशीनंतर लागावेत. आणि परदेशी अधिकाऱ्याला लावलेली कसोटी देशी अधिकाऱ्यालाही लागावी. हा ठराव महासंघामार्फत दिल्लीला जावा आणि श्रम परिषदेला जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधीच्या हातीही पडावा.

यांगूनच्या त्या वसाहतीतून सामान डोक्यावर घेऊन बाहेर पडलेली गँगमनची बायको आपल्याला ओळखत नाही. पण आपण तिला ओळखतो. ती आपल्याच लाइनीतली आहे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजूट झिंदाबाद!