चालत्या घरातील इंधन
(सभेच्या नागपूर येथील वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या सभेच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे. त्याच जागी उभे राहून डिझेलच्या टाकीविषयी बोलावयाचे, याचा आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु हा विषय आमच्या पदरी अनुभवाने पडला आहे.

आम्ही सहा कुटुंबांनी मिळून एक जुनी डिझेल बस घेतली. प्रादेशिक परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी काढून तीत निजण्याच्या फळ्या व एक लहानसा ओटा बसविला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांतील पर्यटनाविषयी धोरण आखले, तेव्हा आमच्या उत्साहास भरतेच आले. वैशाखापासून ही गाडी अर्ध्या टाकीवर अंगणात उभी होती. श्रावणात आम्ही तीतून माहूरला निघालो. वर्धा मागे पडले, यवतमाळ मागे पडले, आणि आर्णीच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके दिले व ते बंद पडले. बाहेर पाऊस, आत लेकरे, आणि एका आजींच्या इन्सुलिनभोवतीचा बर्फ वितळत चाललेला! तीन तासांनी आलेल्या मिस्त्रींनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तो वाटीभर पाणी निघाले. दोष कोणाचा? सर्वस्वी आमचा.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा आपोआप पेटतो. हा फवारा बरोबर क्षणी व बरोबर मापाने पडला पाहिजे. इंधनव्यवस्थेचे सारे काम एवढेच. टाकीतून फीडपंप डिझेल ओढतो, फिल्टर ते गाळतो, मोठा पंप त्यावर दाब देतो आणि इंजेक्टर ते केसासारख्या बारीक छिद्रांतून उडवितो. जुन्या गाड्यांत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोनशेपटीच्या आसपास असे. आजच्या कॉमन रेल गाड्यांत तो दीड हजारपटीच्या पुढे जातो. अशा पंपाचे भाग एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की त्यांस वंगण मिळते ते डिझेलचेच. पाणी वंगण देत नाही, उलट गंज आणते. रॉकेलची भेसळही याच कारणाने पंपाचा घात करते.

मग टाकीत पाणी येते कोठून? अर्धी रिकामी टाकी म्हणजे अर्धी हवेने भरलेली टाकी. नागपूरच्या पावसाळ्यात ती हवा दमट असते. रात्री पत्रा गार झाला की आतील बाजूस दव धरते आणि पाणी जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात, त्यांचा काळपट चिकटा फिल्टर बुजवितो. रोज धावणाऱ्या ट्रकपेक्षा महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या चालत्या घरास हा धोका अधिक. म्हणून गाडी ठेवावयाची असेल तर टाकी भरून ठेवावी, आणि निघण्यापूर्वी फिल्टरखालचे पाणी काचेच्या बाटलीत काढून पाहावे. प्लास्टिकच्या मळक्या डब्यात काही दिसत नाही, हेही आम्ही शिकलो.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर नळ्यांत हवा शिरते. हवा दाबली जाते, पुढे सरकत नाही. म्हणून इंजिन फिरते पण पेटत नाही. जुन्या गाडीत फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत हातपंप मारावा व मग स्क्रू आवळावा. स्टार्टर घरघरवीत बसू नये, त्यात फक्त बॅटरी मरते. नव्या कॉमन रेल गाडीत मात्र इंजिन चालू असता दाबाच्या नळीस पाना लावू नये, आणि गळती बोटाने तर कदापि चाचपू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ शस्त्रवैद्याकडे जावे लागते. आमच्या तरुणांनी एवढे एक ध्यानात ठेवले तरी आमचे बोलणे कारणी लागले.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बी.एस. ६ च्या अनेक गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. ते द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत ओतले गेले तर किल्लीही फिरवू नये. टाकी रिकामी करवून घ्यावी.

धुराकडे गृहिणीच्या नजरेने पाहावे. काळा धूर म्हणजे हवा कमी वा इंधन जास्त. प्रथम हवेचा फिल्टर पाहावा. थंड इंजिनाचा पांढरा धूर क्षणभर चालतो, टिकला तर इंजेक्टर तपासावे. निळा धूर म्हणजे वंगणतेल जळते आहे. तेथे इंधनास बोल लावू नये.

आता आमच्या बसमध्ये चालकाच्या आसनामागे एक वही टांगलेली आहे. पाणी कधी काढले, फिल्टर किती किलोमीटरवर बदलला, हे ज्या कुटुंबाकडे किल्ली असेल त्याने तीत लिहावयाचे. जादा फिल्टर, पाना व बाटली आसनाखाली आहेत. आजींचे इन्सुलिन मात्र आता बर्फाबरोबर थर्मासमध्ये ठेवतो, आणि त्या स्वतः निघण्यापूर्वी विचारतात, “पाणी काढलं का रे?”