बिऱ्हाड कोठे करावे?

(हिंगोली जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्या शिक्षक, परिचारिका व ग्रामपातळीवरील कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापिकेने केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती गेल्या काही महिन्यांत नेमणुकीचे आदेश पडले आहेत. आदेशात गावाचे नाव असते, रुजू होण्याची तारीख असते. मात्र राहावयाचे कोठे, याचे उत्तर नियमाने एका शब्दात देऊन टाकलेले असते : मुख्यालयी. प्रत्यक्षात काय घडते ते येथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आज सकाळी या सभागृहाबाहेर आपली जी कुजबुज चालली होती, ती वेतनश्रेणीविषयी नव्हती. 'घर नांदेडला घ्यावे, की हिंगोलीत, की वसमतला?' हीच ती कुजबुज होती. तेव्हा व्यासपीठावरून त्याच प्रश्नाविषयी उघडपणे बोलावे, असे मी ठरविले.

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास, आणि तीपैकी शेकडा ८५ च्या घरात लोक खेड्यांत राहणारे. म्हणजे नोकरीची ठिकाणे बहुतांशी खेड्यांत, आणि आपल्याला हव्याशा वाटणाऱ्या सोयी मात्र चार-दोन शहरांत एकवटलेल्या. त्यातही जिल्ह्याची ठेवण अशी, की त्याची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. वसमत नांदेडकडे पाहते. अंतर चाळीसएक किलोमीटर. सेनगावच्या बाजूचा माणूस रिसोडचा बाजार जवळचा मानतो. कनेरगाव नाक्याच्या लोकांना वाशीम हाकेवर वाटते. हिंगोलीहून नांदेड सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद किलोमीटर, तरी दवाखाना, महाविद्यालय आणि लग्नाचा बस्ता यांसाठी वाट तिकडचीच धरली जाते.

कामाच्या जागेजवळ वस्ती करण्याची कल्पना हिंगोलीला नवी नाही. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी येथे होती. रिसाला बाजार, पलटन ही नावे त्या काळाची. घोडदळाचा शिपाई जेथे चाकरी करी तेथेच त्याचे बिऱ्हाड असे, आणि बिऱ्हाडापाठोपाठ वाणी, शिंपी, नालबंद येत. त्या काळी घोड्याला रोजचे नव्वद किलोमीटर झेपले नसते, हे त्यामागचे साधे कारण. आज मोटारीला ते झेपते. प्रश्न आहे तो मोटारीत बसलेल्या माणसाचा.

येथे मी माझी स्वतःची हकीकत सांगते. ती फारशी भूषणावह नाही. १९८७ साली मी शिक्षिका म्हणून रुजू झाले. शाळा वसमत-औंढा रस्त्यावर, शिरड शहापूरच्या अलीकडे उतरून दोन किलोमीटर आत. पतींची नोकरी नांदेडला. आम्ही घर नांदेडला केले. त्या वेळी हिशेब अगदी चोख वाटला होता : मुलीला चांगली शाळा, नळाला पाणी, दारात रिक्षा. मी पहाटे साडेपाचला उठून सातची एस. टी. धरीत असे, वसमतला गाडी बदलीत असे, आणि उतरल्यावर चिखल वा फुफाटा तुडवीत शाळेत पोचत असे. जाऊन-येऊन चार तास. शाळेचे वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले, तर ८८० तास झाले; म्हणजे वर्षातले छत्तीस दिवस आणि छत्तीस रात्री मी एस. टी.च्या बाकावर काढीत होते. हा हिशेब घर घेताना आम्ही केला नव्हता. भाडे आणि पगडी यांचा मात्र पैशापैशाने केला होता.

१९९३ च्या पावसाळ्यातील एक दिवस मला विसरता येत नाही. दुपारपासून संततधार होती. शाळा सुटली तेव्हा वाटेतल्या ओढ्याला पूर आलेला. पलीकडे जाणे शक्य नव्हते. ती रात्र मी गावात एका शेतकरी कुटुंबाकडे काढली. नांदेडला मुलगी तापाने फणफणली होती, आणि पती कचेरीच्या कामासाठी परगावी गेलेले. मला हे काहीच कळण्याचा मार्ग नव्हता; गावात टेलिफोन नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला रात्रीच डॉक्टरांकडे नेल्याचे समजले. मुलगी बरी झाली. मात्र ज्या मुलीसाठी म्हणून नांदेडला घर केले होते, त्याच मुलीपासून मी रोज बारा तास दूर होते, हे त्या दुपारी प्रथम ध्यानात आले. काकूंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो दिला असता तर बरे वाटले असते.

पुढल्या वर्षी आम्ही वसमतला बिऱ्हाड हलविले. मला पंधरा किलोमीटर, पतींना चाळीस. ओढ माझ्याकडून त्यांच्याकडे सरकली, नाहीशी झाली नाही. तथापि दोघांपैकी एक जण तासाभरात घरी पोचू शकेल, एवढी हमी मिळाली. नवराबायको दोघे नोकरी करणाऱ्या घरांना मी आजही हीच कसोटी सांगते. दोघांच्या मधोमध घर घेऊन दोघांनीही दीड-दीड तास लांब राहण्यापेक्षा एकाने जवळ असावे. शासनानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ रोजी जे धोरण ठरले, त्यात पतीपत्नींच्या कामाच्या ठिकाणांतील अंतर ३० किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर त्यांचा वेगळा विचार करण्याची तरतूद होती. ३० किलोमीटर हा आकडा मला अनुभवानेही पटतो. सेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली असे मांडले, की निरनिराळ्या देशांत आणि काळांत माणूस दिवसाकाठी साधारण एक तास ये-जा करण्यात घालवितो. वाहन वेगवान झाले की तो वेळ वाचवीत नाही, घर दूर नेतो. राष्ट्रीय महामार्ग १६१ रुंद झाल्यावर आपल्याकडे नेमके हेच झाले. रस्ता सुधारला, आणि लोक कळमनुरीहून नांदेडला राहावयास गेले!

आता पैशाची बाजू. घरभाडे भत्ता नेमणुकीच्या ठिकाणाच्या वर्गवारीनुसार मिळतो, राहत्या शहराच्या नव्हे. नांदेड-वाघाळा 'वाय' वर्गात येते, आपली गावे 'झेड' वर्गात. म्हणजे भाडे नांदेडच्या दराने भरावयाचे आणि भत्ता खेड्याच्या दराने घ्यावयाचा. एस. टी.चा मासिक पास काढला तर वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस प्रवास होतो. महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे. तरीही तरुण मंडळी मोटारसायकल पसंत करतात, कारण गाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही. हिवाळ्यातील पहाटेचे धुके, उसाच्या आणि हळदीच्या गाड्या, रात्री दिवे न लावता उभा असलेला ट्रॅक्टर, या सर्वांतून रोज साठ-सत्तर किलोमीटर दुचाकी चालविणे म्हणजे काय, ते मी माझ्या सहकाऱ्यांच्या अंत्ययात्रांतून शिकले आहे. यावर अधिक बोलवत नाही.

हिंगोलीतच राहण्याचे ज्यांनी ठरविले आहे, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. जुन्या गावात जागा उरलेली नाही, म्हणून नवी वस्ती कडेकडेने वाढते आहे. बळसोंडसारखी गावे आता शहराला चिकटली आहेत. पाहुण्याला हद्द कोठे संपली ते कळतही नाही. कागदाला मात्र ती कळते. नगरपरिषदेची हद्द आणि ग्रामपंचायतीची हद्द यांत पाणी, नाली, दिवाबत्ती आणि कर यांची व्यवस्था वेगळी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर आपले नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज सर्रास आढळतो. तो उतारा कर-आकारणीचा आहे. जमीन अकृषिक झाली आहे काय, रेखांकन मंजूर आहे काय, मोकळी जागा नकाशावर आहे तशी जमिनीवरही आहे काय, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. एकूण क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असलेल्या आणि विक्रीसाठी पाडलेल्या भूखंडांच्या योजनेची महारेराकडे नोंदणी आवश्यक असते. गुंठेवारीतील भूखंड स्वस्त मिळतात खरे. २००१ च्या अधिनियमाने आणि त्याच्या २०२१ मधील सुधारणेने जुन्या गुंठेवारीस नियमित करण्याची वाट दिली आहे. पण ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी आहे, यापुढे पाडल्या जाणाऱ्या तुकड्यांसाठी नव्हे.

घर पाहावयाचे ते मे महिन्यात आणि आषाढात, असे दोनदा पाहावे. मे महिन्यात बोअरला पाणी आहे की टँकर येतो ते समजते. आषाढात काळ्या मातीत स्कूटर रुतते की नाही ते समजते. दिवाळीच्या सुटीत पाहिलेले प्रत्येक घर छानच असते. शेजारणीला विचारावे. दलालापेक्षा ती खरे सांगते, आणि न विचारलेलेही सांगते.

आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते. वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यात जमिनीखालून गूढ आवाज येतात आणि अधूनमधून धक्के बसतात. २१ मार्च २०२४ रोजी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदविले गेले. घाबरून जिल्हा सोडावा असे यात काही नाही. पण १९९३ मध्ये किल्लारीला माणसे दगडमातीच्या जड छपरांखाली गेली, हे आपण जाणतो. तेव्हा भाड्याचे जुने माळवदाचे घर थंड असते म्हणून भुलू नये. भिंतींना भेगा आहेत काय, छतावर मातीचा थर किती, हे पाहून घ्यावे. मुले कोठे झोपतील याचा विचार त्या दृष्टीनेही करावा.

येथवर मी कुटुंबाच्या बाजूने बोलले. आता गावाच्या बाजूने बोलणे भाग आहे, कारण गाव या सभागृहात नाही.

मी नांदेडहून ये-जा करीत होते, त्या सहा-सात वर्षांत आमच्या शाळेची घंटा एस. टी.च्या वेळापत्रकावर वाजत असे. परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास आखडता घेतला जाई. त्याविषयी कोणी तक्रार केली नाही, पण मुलांना ते ठाऊक होते. तिसरीतला एक मुलगा एकदा म्हणाला, 'बाई, गाडी आली वाटतं, फाट्यावर धूळ उडाली.' तो मला मदतच करीत होता! वसमतला राहावयास गेल्यावर मला दुपारनंतरचा दीड तास मिळाला. त्या दीड तासात शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी शिकवू लागले. त्यांना शिकविण्याची माझी कुवत आधीही तेवढीच होती, फरक पडला तो केवळ घराच्या पत्त्याने.

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर मुख्यालयी, म्हणजे प्रत्यक्ष त्या गावात, मी कधीच राहिले नाही. गावात भाड्याने मिळणाऱ्या एकाही खोलीला तेव्हा शौचालय नव्हते. हे कारण खरे होते, आणि सोयीचेही होते. दोन्ही एकाच वेळी. ग्रामविकास विभागाने २०१९ साली मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला, तेव्हा पुष्कळ खळबळ झाली. ठराव कागदावर मिळविणे अवघड नसते, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. परंतु उपकेंद्रातील परिचारिका रात्री गावात आहे की नाही, हे बाळंतवेणा सुरू झालेल्या बाईला ठरावावरून कळत नाही. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते मंगळवारी भेटतील की शुक्रवारी, यावर एखाद्याची दाखल्यावाचून अडलेली मजुरी अवलंबून असते.

म्हणून नांदेड की खेडे, अशा दोन टोकांतच निवड असते असे मानू नका. आखाडा बाळापूर, जवळा बाजार, कुरुंदा, गोरेगाव, शिरड शहापूर यांसारखी मोठी गावे आपल्या जिल्ह्यात आहेत. तेथे बाजार भरतो, शाळा आहेत, दवाखाना आहे, आणि आसपासच्या दहा-बारा खेड्यांना तेथून अर्ध्या तासात पोचता येते. अशा गावी तीन-चार कर्मचारी कुटुंबे एकत्र राहिली, तर मुलांना सोबत मिळते, आणि रात्री-अपरात्री कोणास हाक मारावी हा प्रश्न राहत नाही. हिंगोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. औंढ्याजवळ लायगो-इंडिया प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आहे. मोठ्या शहराकडेच धावावे लागण्याची जी कारणे आमच्या वेळी होती, त्यांतील काही तरी आता कमी होत आहेत.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. इसार देण्यापूर्वी, आपण जेथून जाणार-येणार आहात त्या रस्त्याने आठवडाभर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाहनाने ये-जा करून पाहा. पती-पत्नी दोघांनीही करावी. शक्य झाल्यास एक दिवस मुलाला बरोबर घेऊन. परतीची शेवटची गाडी केव्हा आहे ते आगारात विचारा, आणि ती खरोखर केव्हा येते ते फाट्यावरच्या चहावाल्याला विचारा. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत आगारांच्या गाड्यांच्या वेळा मी हाताने लिहून आणल्या आहेत; दाराजवळच्या टेबलावर त्याच्या प्रती ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जाव्यात.