आकाशातील नेत्र आणि दर्याची लेकरे
(ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



'उपग्रह आणि समुद्र' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी संमेलनाच्या चालकांनी आज्ञा केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, जन्मभर शाळामास्तरकी केलेले, शास्त्रज्ञ नव्हे. तथापि ज्या विद्येशी आपल्या गाबीत समाजाच्या पोटाचा व प्राणाचा संबंध आहे, ती समजून घेऊन सोप्या भाषेत सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय.

आपल्या पूर्वजांपाशी समुद्राची विद्या नव्हती असे कोण म्हणेल? पाण्याचा रंग पालटला, पक्षी एका जागी घिरट्या घालू लागले, की जुना तांडेल बांगड्याचा थवा कोठे असेल ते सांगत असे. आकाशातील उपग्रह नेमका हाच पाण्याचा रंग पाहतो. मात्र तांडेलाची नजर क्षितिजापाशी थांबते आणि उपग्रहाची नजर एका फेरीत शेकडो कोसांचा दर्या न्याहाळते.

२६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून 'ओशनसॅट-१' हा उपग्रह सोडण्यात आला. मुख्यत्वे सागराच्या अभ्यासासाठी भारताने घडविलेला हा पहिलाच उपग्रह. तो सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरून फिरत असे. त्याच्या मागोमाग २००९ साली दुसरा व २६ नोव्हेंबर २०२२ रोजी तिसरा गेला. त्यांचे कार्य कसे चालते पाहा. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात. त्यांच्यातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळा रंग शोषून घेते. म्हणून त्या जेथे विपुल, तेथील पाणी हिरवट दिसते. उपग्रहावरील यंत्र हा रंगभेद मोजते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र पाण्याच्या पृष्ठभागाची उष्णता मोजते. तळचे थंड पाणी वर येते, तेव्हा ते आपल्याबरोबर खत आणते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव, त्यांवर लहान मासे आणि त्यांच्या पाठोपाठ मोठे मासे. म्हणून उष्ण व थंड पाण्याच्या सीमेवर मासळी मिळण्याचा संभव अधिक.

हे सर्व गणित हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात मांडले जाते आणि कोणत्या बंदरापासून अगर दीपगृहापासून कोणत्या दिशेस, किती अंतरावर, किती खोलीत मासळीचा संभव आहे, याची सूचना निघते. ती मराठीतही निघते. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपग्रहास मासा दिसत नाही. मासा असण्याजोगे पाणी दिसते. तेही वरच्या थरातील. आकाश ढगांनी झाकले, की रंग व उष्णता पाहणारे हे नेत्र मिटतात. म्हणून सूचना हा जाणत्या तांडेलाचा सोबती आहे, त्याचा वारसदार नव्हे.

पोटाची गोष्ट झाली, आता प्राणाची. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यास लागले. त्या वादळात कोकणातील कित्येक घरांची कर्ती माणसे दर्यावरून परतली नाहीत. पुढे २०१७ साली नोव्हेंबरच्या अखेरीस दक्षिणेस 'ओखी' वादळ उठले. तेव्हा केरळ व तामिळनाडूच्या ६८ नौका ९५२ माणसांसह आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास सुखरूप लागल्या. पण त्या प्रांतांतील शेकडो घरे मात्र उजाड झाली. वारा व लाटा मोजणारी यंत्रे ढगांतूनही पाहू शकतात. वादळ त्यांना दिसते. परंतु आठ-आठ दिवस खोल समुद्रात असलेल्या नौकेस ती वार्ता सांगावी कोणी? भ्रमणध्वनी किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर गेला की मुका होतो. ज्ञान आकाशात होते, संकट समुद्रावर होते, आणि मधला दुवा तुटलेला होता. तोच कित्येकांच्या जिवावर बेतला.

तो दुवा जोडण्याचे यत्न झाले आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचे लहान यंत्र निघाले. ते उपग्रहाकडून थेट सूचना घेते. मात्र ऐकते, बोलत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौकांवर एक लाख दळणवळण यंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. त्यांतून नौकेवरील माणसाला संकटात साद घालता येते. ही योजना यांत्रिक नौकांसाठी आहे. बिगरयांत्रिक होडीवाल्याचे काय, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

आणखी एक प्रश्न. मासळीची सूचना सर्वांस सारखीच मिळते. पण होड्या सारख्या नाहीत. चाळीस किलोमीटरांवरील मासळीची वार्ता रापणकरास मिळून उपयोग काय? मोठ्या यंत्रनौका तेथे आधी पोहोचतात. प्रखर दिव्यांच्या मासेमारीस केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली, तरी तिच्याविषयीच्या तक्रारी किनाऱ्यावर आजही ऐकू येतात. नेत्र कितीही तीक्ष्ण असला, तरी हाताला संयम नसेल तर दर्या रिता होईल. विद्येबरोबर न्यायही आला पाहिजे, ही मागणी आपल्या समाजाने एकमुखाने करावी.

आता आपण काय करावे? आमची सूचना मास्तराच्या जातीची, म्हणून फळ्याची आहे. प्रत्येक बंदरावर एक फळा असावा. गावातील शिकलेल्या मुलाने अथवा मुलीने सकाळ-संध्याकाळ त्यावर वारा, लाटा, मासळी व धोक्याची सूचना स्वच्छ अक्षरांत लिहावी आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस ती मोठ्याने वाचून दाखवावी. आमच्या भगिनींनी घरचा माणूस निघण्यापूर्वी विचारावे, "फळा पाहिलात का?" आणि धोका लिहिला असेल, तर एक दिवसाची कमाई बुडाली तरी होडी लोटू नये, असा दंडक गावाने घालावा. नौकेवर यंत्र बसले असेल, तर ते चालू ठेवण्याची जबाबदारी तांडेलाने घ्यावी. यास फार पैसा लागत नाही, नित्यनेम लागतो.

बंधुभगिनींनो, उपग्रह आकाशात सोडणे हे शास्त्रज्ञांचे काम होते, ते त्यांनी केले. त्याचा निरोप शेवटच्या होडीपर्यंत नेणे हे आपले काम आहे. ते आपण करावे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद.