गर्भाशयाबाहेरचें अस्तर

महिन्यांतील तीन-चार दिवस अंथरुणाला खिळून काढणारी एखादी मुलगी बहुतेक घरांच्या परिचयाची असते. पोटावर गरम पाण्याची पिशवी, उशाशीं ओव्याचा काढा, आणि आजीचें एक ठरलेलें वाक्य : "लग्न झालें कीं थांबेल हो सारें." लग्न होतें, दुखणें थांबत नाहीं, मग तेंच वाक्य किंचित् पालटून "एक मूल झालें कीं थांबेल" असें होतें. कित्येकींना तें मूलही लवकर होत नाहीं. अशा मुलींपैकीं कांहींच्या वेदनेच्या मुळाशीं एक निश्चित रोग असतो. वैद्यकशास्त्रांत त्यास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. प्रजननक्षम वयाच्या सुमारें दर दहा स्त्रियांमागें एकीला, म्हणजे जगांतील जवळजवळ १९ कोटी स्त्रियांना तो आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतक्यांना पिडणाऱ्या रोगाला मराठींत घरोघर रुळलेलें नांव नसावें, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

गर्भाशयाच्या आंतील बाजूस एक मऊ अस्तर असतें. दरमहा तें वाढतें, आणि गर्भ न राहिल्यास गळून रक्ताबरोबर बाहेर जातें. या रोगांत तशाच अस्तराचीं लहानमोठीं बेटें बीजकोशावर, आंतड्यावर, मूत्राशयावर, उदरपोकळीच्या पातळ आवरणावर रुजलेलीं आढळतात. तेथेंही तीं महिन्याच्या चक्राबरोबर वाढतात व पाझरतात. परंतु त्या रक्तास बाहेर पडावयाला वाट नसते. मग सूज, व्रण, आणि शेजारच्या इंद्रियांना एकमेकांस जखडून टाकणारे तंतू, असा पुढचा क्रम लागतो. बीजकोशांत हें रक्त सांचून दाट व तपकिरी होतें, आणि शस्त्रवैद्य त्या गांठींना चॉकलेटच्या गांठी म्हणतात. रोगांना खाऊचीं नांवें देण्याची वैद्यांची ही हौस रोग्यांना कशी वाटत असेल, तें त्यांनीं कधीं विचारलेलें दिसत नाहीं.

या गांठींचा बारकाईनें अभ्यास केला तो अमेरिकेंतील आल्बनी शहराचे डॉक्टर जॉन सॅम्प्सन यांनीं. त्यांचा गाजलेला निबंध १९२१ सालचा. पुढें १९२७ मध्यें त्यांनीं रोगाच्या उत्पत्तीविषयीं उपपत्ति मांडली ती अशी : ऋतुस्रावाच्या वेळीं कांहीं रक्त व त्याबरोबर अस्तराचे जिवंत कण बीजवाहिन्यांतून उलटे फिरून उदरपोकळींत पडतात, आणि तेथें मूळ धरतात. ही उपपत्ति साऱ्या प्रकारांना लागू पडत नाहीं, परंतु बहुतेक रोग्यांच्या बाबतींत ती आजही मान्य आहे. मात्र तिच्या पोटांत एक अवघड प्रश्न दडलेला होता. १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत असें दिसून आलें कीं, बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या सुमारें ९० टक्के स्त्रियांच्या उदरद्रवांत पाळीच्या सुमारास रक्त सांपडतें. उलटा प्रवाह नव्वदांना आणि रोग दहांना! मग बाकीच्या ऐंशींच्या पोटांत पडलेल्या त्या कणांचें होतें काय?

त्यांची झाडलोट होते. शरीरांत हें काम करणाऱ्या पेशी आहेत, हें रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांना १८८२ मध्यें सिसिलींतील मेसिना येथें उमगलें. ताराकृति माशाच्या पारदर्शक डिंभांत त्यांनीं गुलाबाचा कांटा टोंचून ठेवला. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! याच शोधासाठीं त्यांना १९०८ चें नोबेल पारितोषिक एर्लिक यांच्यासमवेत मिळालें. या पेशींपैकीं जी मोठी जात, तिला महाभक्षक पेशी म्हणतां येईल. तिच्या जोडीला रक्तांत आणखी एक जात असते, नैसर्गिक मारक पेशींची. एखादी पेशी बिघडली किंवा तिला विषाणूनें ग्रासलें, तर पूर्वीची ओळख नसतांही ती तिला ठार करते. निरोगी स्त्रीच्या उदरपोकळींत या दोन्ही जातींचा पहारा असतो, आणि वाट चुकून आलेले अस्तराचे कण बहुधा त्यांच्या तडाख्यांतून सुटत नाहींत.

मग दहांपैकीं एकीच्या ठिकाणीं पहारा कोठें चुकतो? बेल्जममधील ल्यूव्हेन येथील संशोधकांनीं १९९१ मध्यें दाखविलें कीं, या रोग्यांच्या मारक पेशींची मारक शक्ति उणावलेली असते. बॅबून जातीच्या वानरींना हा रोग आपोआप होतो. अशा रोगट वानरींना प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें दिलीं असतां रोग अधिक फैलावतो, हें १९९५ मध्यें दिसलें. येथवर प्रकरण सरळ वाटतें : पहारेकरी दुबळे, म्हणून चोराचें फावलें. पण महाभक्षक पेशींकडे पाहिलें म्हणजे हा सरळपणा टिकत नाहीं. रोग्यांच्या उदरद्रवांत त्या कमी नसतात, उलट जास्तच असतात. त्या कण गिळण्यांत मंद आणि रस पाझरण्यांत मात्र तत्पर झालेल्या असतात. २००९ मध्यें उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत महाभक्षक पेशी काढून टाकल्या, तेव्हां अस्तराचे कण आंत चिकटले खरे, पण वाढले नाहींत. त्यांना नव्या रक्तवाहिन्याच फुटल्या नाहींत. ज्यांनीं झाडून टाकावयाचें, त्याच खतपाणी घालीत होत्या!

कुंपणानेंच शेत खाल्लें, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. पण तो आरोप पुरतेपणीं न्याय्य नाहीं. महाभक्षक पेशींना शरीरानें दोन कामें नेमून दिलीं आहेत. शत्रु गिळणें हें एक. जखम भरून काढणें हें दुसरें. बोट कापलें असतां तेथें रक्तवाहिन्यांना व तंतूंना बोलावून घेणाऱ्या त्याच असतात. आतां उदरपोकळींतील तें बेट त्यांना कसें दिसत असेल? रक्त पाझरतें आहे, लोह सांचलें आहे, पेशी मरत आहेत. सारीं लक्षणें जखमेचींच. ती जखम भरावी म्हणून त्या झटतात, आणि पुढील महिन्यांत ती पुनः वाहते. जें काम बोटावर आठवड्यांत संपावयाचें, तें येथें वर्षानुवर्षें चालू राहतें. पेशी फितूर झालेली नाहीं. ती आपलें कर्तव्यच करीत आहे, मात्र भलत्या ठिकाणीं. शिवाय हें बेट स्वतःही इस्ट्रोजेन तयार करतें, त्यानें सूज वाढते, आणि सुजेमुळें पुनः इस्ट्रोजेन वाढतें.

वेदनेचा उगमही येथेंच सांपडतो. एडिंबरो येथील संशोधकांनीं २०१९ मध्यें दाखविलें कीं, महाभक्षक पेशींतून पाझरणारें एक वृद्धिद्रव्य त्या जागीं मज्जातंतूंना वाढीस लावतें व त्यांना हळवें करतें. मुलीच्या तक्रारीला 'नाजूकपणा' म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. तेथें दुखविणारे तंतू खरोखरीच नव्यानें वाढतात. त्याच शहरांतून २०२१ मध्यें उंदरांवरील आणखी एक शोध आला. साऱ्या महाभक्षक पेशी एका कुळींच्या नसतात. अस्तराबरोबर गर्भाशयांतून आलेल्या पेशी बेटाला पोसतात, तर रक्तांतून उदरपोकळींत येऊन स्थायिक झालेल्या पेशी त्याला आवर घालतात. २०२३ मध्यें जपानांतील नागोया येथील संशोधकांना ६४ टक्के रोग्यांच्या गर्भाशयाच्या अस्तरांत फ्यूजोबॅक्टेरियम हा जंतु आढळला. निरोगी स्त्रियांत तें प्रमाण दहा टक्क्यांहून कमी होतें. हा जंतु महाभक्षक पेशींना चेतवून बेटाची वाढ करवितो काय, याचा शोध त्यांतून सुरू झाला आहे.

तेव्हां या पेशींना सरसकट लगाम घालून रोग हटेल काय? ल्यूव्हेन येथें तसा एक यत्न झाला. सुजेचें एक प्रमुख द्रव्य अडविणारें इन्फ्लिक्सिमॅब हें औषध खोलवर रोग गेलेल्या स्त्रियांना देण्यांत आलें. २००८ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, कीं नुसत्या बनावट औषधापेक्षां त्यानें वेदना अधिक कमी झाली नाहीं. आजवर उपाय उरले आहेत ते दोनच मार्गांचे : पाळी व इस्ट्रोजेन यांना आवर घालणारीं संप्रेरकें, आणि बेटें काढून टाकणारी शस्त्रक्रिया. दोहोंनीं पुष्कळींना आराम पडतो, परंतु रोग पुनः उलटण्याचें भय राहतें. पोसणाऱ्या पेशी तेवढ्या अडवाव्या आणि आवरणाऱ्या तेवढ्या राखाव्या, असें औषध अजून हातीं आलेलें नाहीं.

तोंवर रोग ओळखण्यांतच पहिल्या लक्षणापासून बहुधा चार ते बारा वर्षें जातात. शाळा किंवा कचेरी दर महिन्यास चुकविणारी वेदना, पाळीच्या दिवसांत शौचास किंवा लघवीस होतांना दुखणें, पतिसहवासांत खोल दुखणें, आणि मूल न होणें, यांपैकीं कांहीं असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञास हा रोग नांव घेऊन विचारावा. सोनोग्राफींत बीजकोशाच्या गांठी चांगल्या दिसतात; पातळ आवरणावरचीं बारीक बेटें मात्र तींत पुष्कळदां दिसत नाहींत, आणि म्हणून तपासणी निर्दोष आली तरी रोग नाहीं असें ठरत नाहीं.