धावणारी मोटर आणि ओढणारी मोटर
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इतिहास शिकवणारा माणूस. बी.ए., बी.एड. झालेल्या शिक्षकाने विजेच्या मोटरीवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु एका वर्षी विज्ञान प्रदर्शनाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आणि त्या निमित्ताने मला जो धडा मिळाला, तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आठवीतल्या एका मुलाने विहिरीवरच्या रहाटाची प्रतिकृती केली होती. बटण दाबले की अर्धा किलो पाण्याची बादली वर यावी, अशी कल्पना होती. मी त्याला बाजारातून खेळण्यातली छोटी मोटर आणून दिली. मोकळी फिरवली तर भिंगरीसारखी फिरे. आम्ही दोघेही खूश होतो. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांसमोर मुलाने बादली अडकवली, बटण दाबले, आणि मोटर जागची हलेना. क्षणभर गुणगुणली, गरम झाली, आणि जळका वास सुटला. परीक्षक पुढे गेले. मुलगा एक शब्दही बोलला नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. ते गॅरेजमध्ये काम करतात, शिक्षण चौथीपर्यंत. पालकसभेला कधी येत नसत. "तिथं आम्हाला काय कळतंय" असे म्हणत. त्यांनी ती जळकी मोटर हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "सर, ही धावणारी मोटर आहे, ओढणारी नाही."

मित्रांनो, मोटर निवडण्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. प्रत्येक डी.सी. मोटरीचे दोन गुण पाहावे लागतात. एक वेग, म्हणजे मिनिटाला किती फेरे, याला आर.पी.एम. म्हणतात. दुसरा जोर, म्हणजे आस किती ताकदीने पिळला जातो. त्याला टॉर्क म्हणतात. खेळण्यातली मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, पण तिचा जोर अगदी थोडा. तिला दातेरी चाकांची जोड दिली की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. सायकलवरून घाट चढताना गिअर बदलतात, तोच हा प्रकार. अशा मोटरीला दुकानात गिअर मोटर म्हणतात. पिवळ्या प्लास्टिकच्या डब्यातली, बी.ओ. मोटर या नावाने मिळणारी, ही त्यातली सर्वांत स्वस्त. लहान गाडी चालवायला ती पुरते. जास्त ओझ्याला लोखंडी दात्यांची 12 व्होल्टची गिअर मोटर घ्यावी.

मग किती जोराची घ्यावी? याला सातवीचे गणित पुरते. दोरी ज्या रिळावर गुंडाळायची, त्याची त्रिज्या 2 सेंटिमीटर आणि ओझे अर्धा किलो. दोहोंचा गुणाकार 1 किलो-सेंटिमीटर. एवढा जोर हवाच. पण घर्षण असते, सुरुवातीचा झटका असतो, म्हणून दुप्पट ते तिप्पट जोराची मोटर घ्यावी. आता वेग. 2 सेंटिमीटर त्रिज्येच्या रिळाचा एक फेरा म्हणजे सुमारे साडेबारा सेंटिमीटर दोरी. बादली 60 सेंटिमीटर वर यायला पाच फेरे लागतात. 30 आर.पी.एम.ची मोटर हे काम दहा सेकंदांत करते. म्हणजे दुकानात जाताना "एक मोटर द्या" असे न म्हणता, "12 व्होल्ट, 30 आर.पी.एम., दोन-तीन किलो-सेंटिमीटरची गिअर मोटर द्या" असे म्हणावे. मागणी नेमकी असली की पैसे वाया जात नाहीत.

दुसरी फसगत बॅटरीची. पुष्कळ मुले 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडतात आणि मोटर खराब आहे असे समजतात. त्या बॅटरीत व्होल्ट आहेत, पण मोटर ओढते तेवढा प्रवाह देण्याची तिची ऐपत नाही. त्यापेक्षा दीड व्होल्टचे आठ सेल एकापुढे एक जोडले तर 12 व्होल्ट मिळतात आणि लहान मोटर नीट चालते. हेही ध्यानात ठेवा की अडकलेली मोटर चालत्या मोटरीपेक्षा कितीतरी पट प्रवाह खेचते. आमची मोटर जळाली ती यामुळेच. आस अडकला की आधी बटण सोडावे, कारण मागाहून शोधावे.

नवी मोटर घेण्याची ऐपत सर्वांची नसते, आणि तशी गरजही नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नव्या मोटरी मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा आपल्या गावच्या भंगारवाल्याकडे जुन्या मिळतात. बिघडलेला टेपरेकॉर्डर, सी.डी. प्लेअर, प्रिंटर, बॅटरीवर चालणारा ड्रिल यांत चांगल्या मोटरी असतात. ओळखण्याची खूण अशी: दोनच तारा असतील तर ती बहुधा साधी डी.सी. मोटर, तारा उलट जोडल्या की उलटी फिरते. तीन, चार किंवा अधिक तारा दिसल्या तर तिला चालवायला वेगळे सर्किट लागते. नवशिक्याने ती बाजूला ठेवावी.

मात्र एक गोष्ट पालकांनी बजावून सांगावी. मिक्सर, शिलाई मशीन, पंखा यांच्या मोटरी घरच्या 230 व्होल्टच्या विजेवर चालतात. मुलांनी त्यांना हात लावू नये. मायक्रोवेव्ह ओव्हन तर उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

आता त्या वडिलांची गोष्ट पुरी करतो. त्यांनी जुन्या मोटारगाडीच्या वायपरची मोटर आणली. 12 व्होल्टची, हळू फिरणारी, पण दांडगी. तिच्यात मळसूत्री गिअर असतो. मळसूत्र चाकाला फिरवते, पण चाक सहसा मळसूत्राला फिरवू शकत नाही. त्यामुळे बटण सोडले तरी बादली खाली घसरली नाही, अधांतरी थांबली. ही अडचण माझ्या ध्यानातही आली नव्हती! ही मोटर बरेच अँपिअर ओढते, म्हणून त्यांनी गाडीची बॅटरी घेतली, तारेत फ्यूज घातला, आणि मुलाला बोटे रिळापासून दूर ठेवायला शिकवले. बाप शिकवत होता, मुलगा वहीत आकृती काढत होता, आणि मी शेजारी उभा राहून शिकत होतो. पुढच्या वर्षी तोच रहाट पुन्हा प्रदर्शनात गेला. बक्षीस मिळाले नाही, पण परीक्षकांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मुलाने उत्तर दिले, आणि बादली थांबते कशी हे विचारल्यावर तो अभिमानाने म्हणाला, "हे मला अब्बांनी शिकवलं."

मायकेल फॅरडे यांनी 1821 साली लोहचुंबकाभोवती विजेची तार फिरवून दाखवली. तिथून मोटरीचा इतिहास सुरू झाला. ते लोहाराचे पुत्र होते आणि पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करून वाढले. हाताचे काम आणि डोक्याचे काम यांत त्यांनी भिंत उभी केली नाही. आपण का करावी?

पालकहो, आपल्यात कोणी फिटर आहे, कोणी वायरमन, कोणी शिलाईकाम करणाऱ्या भगिनी. "आम्हाला काय कळतंय" असे कृपा करून म्हणू नका. आपल्या हातांना जे ठाऊक आहे, ते आमच्या फळ्यावर अजून लिहिले गेलेले नाही. शाळेत या. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी जाऊन वडिलांना, आईला त्यांच्या कामातला एक तरी प्रश्न विचारा.

ते गृहस्थ आज याच सभागृहात मागच्या रांगेत बसले आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही. सर्वांसमक्ष त्यांचे आभार मानतो आणि माझे चार शब्द संपवतो.

जय हिंद.